केजीएफला जाऊन आलो आणि जुनी मिल आठवली

मागवाला

बंगळुरूला लेकाकडे गेलो होतो. चार दिवसांत मॉल झाले, लालबाग झाली, नातवाची शाळा बाहेरून बघून झाली. पाचव्या दिवशी करमेना. "आता कुठं नेऊ बाबा?" म्हणाला, तर मी म्हटलं केजीएफ, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स, सोन्याच्या जुन्या खाणींचं गाव. तो हसायलाच लागला. त्याला वाटलं म्हाताऱ्याला सिनेमाचं खूळ लागलं. सिनेमा मी पाहिलेला नाही. लहानपणी सोलापुरात आमच्या चाळीत एक फिटर राहायचे. वडिलांच्याच गिरणीत, इंजिनखात्यात होते, मूळचे कोलारकडचे. "हमारे गाँव में आदमी ऊपर कम, नीचे ज्यादा रहता है," असं म्हणायचे. ते वाक्य पन्नास वर्षं डोक्यात बसलेलं.

रविवारी सकाळी एकटाच निघालो. बंगळुरूहून मारिकुप्पमला लोकल जाते. बंगारपेटपर्यंत चेन्नईची मोठी लाईन, तिथून एक फाटा फुटतो तो खास खाणींसाठी टाकलेला. कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन, मारिकुप्पम. स्टेशनांची नावंसुद्धा बरीचशी खाणींचीच. मारिकुप्पमला रूळच संपतात. रविवार म्हणून डबा मोकळा होता. एरवी याच गाडीला पहाटे लोंबकळायची वेळ येते म्हणे, कारण अख्खं गाव पोटासाठी बंगळुरूला जातं आणि रात्री झोपायला परत येतं. हे मला चहावाल्यानं सांगितलं. त्याचा स्वतःचा मुलगा तेच करतो.

आता जरा मागचं सांगतो. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरची हद्द मोजायला जॉन वॉरन नावाचा लष्करी अधिकारी या भागात आला, ते साल १८०२. इथली माणसं माती धुऊन सोनं काढतात अशी कुणकुण त्याला लागली. त्यानं गावकऱ्यांना बक्षीस लावलं. लोकांनी बैलगाड्या भरभरून माती आणली, त्याच्यासमोर धुतली आणि तळाशी सोन्याचे कण निघाले. त्यावर त्यानं लेख लिहिला आणि विषय तिथंच थांबला. पुढं १८७१ मध्ये मायकेल लॅव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकाच्या हाती तो लेख पडला. गडी न्यूझीलंडात लढून आलेला, सोन्याची भुरळ तिकडेच पडलेली. बंगळुरूहून बैलगाडीनं शंभरेक किलोमीटर आला, खड्डे खणले, परवाना मागितला, १८७५ ला वीस वर्षांचा पट्टा मिळवला. पण खाण म्हणजे विहीर नव्हे. त्याच्या खिशाला काही ती झेपली नाही. खरं काम सुरू झालं ते १८८० मध्ये लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी आल्यावर.

त्यानंतर माळरानावर शहर उभं राहिलं. रॉबर्टसनपेट, अँडरसनपेट. साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचं मैदान, चर्च, दवाखाना. हवा थंड, म्हणून गोरे लोक याला छोटं इंग्लंड म्हणायचे. आणि १९०२ मध्ये इथं वीज आली. कावेरीवरच्या शिवनसमुद्रमला जलविद्युत केंद्र बांधलं ते मुळात या खाणींसाठी. दीडशे किलोमीटरच्या आसपास तारा ओढल्या. त्या काळात एवढ्या लांब वीज नेणं ही जगातली मोठी गोष्ट होती. बंगळुरूच्या रस्त्यावर दिवे लागले ते १९०५ ला. म्हणजे बंगळुरू अंधारात आणि खाणीत उजेड!

मजुरांच्या वस्तीला तिकडे 'लाईन' म्हणतात. अमुक लाईन, तमुक लाईन. मी एका लाईनमध्ये शिरलो आणि पाय थबकला. एका ओळीत चिकटून बसलेल्या खोल्या, पुढं हातभर ओटा, ओट्यावर घागरी, दोन खोल्यांमध्ये एवढीशी फट आणि तिच्यात कुणीतरी तुळस लावलेली. मी आमच्या चाळीतच उभा होतो. फक्त बोलणं तमिळ.

बहुतेक मजूर तमिळ मुलखातले. उत्तर अर्काट, सेलम. बहुसंख्य दलित, गावची वेठ टाकून आलेले. तेलुगू बोलणारेही आहेत. घरात आमची तेलुगू, त्यामुळं माझं काम झालं. ओट्यावर एक आजोबा बसले होते, त्यांना "तात, बागुन्नारा?" म्हटलं, तर त्यांनी मला हात धरून शेजारी बसवलं. चॅम्पियन रीफमध्ये तेहतीस वर्षं काढलेली. चॅम्पियन रीफ म्हणजे तीन किलोमीटरहून जास्त खोल, जगातल्या खोल खाणींपैकी एक. खाली दगडाला हात लावला तर चटका बसायचा. वर थंड हवेची यंत्रं बसवून ती हवा खाली सोडायचे, तरी अंगावर लंगोटीशिवाय काही ठेवता येत नसे. एका पाळण्यानं (खाणीतल्या लिफ्टनं) थेट तळ गाठता येत नसे. मध्ये उतरायचं, बोगद्यातून चालायचं, दुसऱ्या पाळण्यात बसायचं. पाळी आठ तासांची, त्यातला जाण्यायेण्यातच किती जायचा ते आजोबांनी बोटं मोजून दाखवलं.

आणि मग दगड फुटण्याचं सांगितलं. एवढ्या खोलीवर दगडावर वरच्या दगडाचा भार असतो. तुम्ही पोकळी केली की आजूबाजूचा दगड अचानक फुटतो, तोफेसारखा. इंग्रजीत त्याला रॉकबर्स्ट म्हणतात, तिकडची माणसं 'एअरब्लास्ट' म्हणायची. वर गावात घरातली भांडी खडखडायची. आजोबा म्हणाले, भांडी वाजली की बायका घरातून बाहेर येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. कुणी काही बोलायचं नाही. भोंगा किती वेळा वाजतो ते ऐकायचं.

भोंगा म्हटल्यावर मला गिळताच येईना.

१९५६ ला म्हैसूर सरकारनं खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ ला केंद्राकडं गेल्या, १९७२ ला भारत गोल्ड माइन्स झाली. २८ फेब्रुवारी २००१ ला बंद. सव्वाशे वर्षांत आठशे टनांच्या आसपास सोनं निघालं असं सांगतात. आता गावात काय दिसतं? शाफ्टवरचे (खाणीत उतरायच्या विहिरींवरचे) गंजलेले मनोरे आणि मातीचे डोंगर. सायनाइड डोंगर म्हणतात त्यांना. दगडाची पूड करायची, सायनाइडच्या पाण्यानं त्यातलं सोनं विरघळवून काढायचं, आणि उरलेला गाळ बाहेर टाकायचा. शंभर वर्षांचा गाळ तो, तीन कोटी टनांच्या वर. मी एकावर चढलो. राखी पिवळट रंग, वरून कडक पापडी, पाय टाकला की आत पीठ. पावसानं त्यात ओघळ पडलेत, पार माणूस उभा राहील एवढे. गवताची काडी नाही. वारा सुटला की ते पीठ गावावर जातं.

आता माझा मुद्दा. परत येताना गाडीत एकच विचार. आपली सोलापूरची जुनी मिल १८७७ ची, यांची कंपनी १८८० ची. दोन्ही गावं एकाच वयाची. दोन्हीकडं दुष्काळानं हाकललेली माणसं आली, भोंग्यावर उठली, भोंग्यावर झोपली. गिरण्या आपल्याही मेल्या. मग सोलापूर उठून उभं राहिलं आणि केजीएफला गाडीत लोंबकळावं का लागलं? मला सापडलेलं उत्तर असं की माग घरात आणता येतो, खाण घरात आणता येत नाही. वडिलांचं काम सुटलं तेव्हा त्यांनी उसनवार करून भंगारातले दोन माग आणले आणि पुढच्या खोलीत टाकले. आम्ही त्या खटखटीत झोपलो आणि शिकलो. आजोबांना त्यांचं कसब पुढच्या खोलीत टाकता आलं नाही.

जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

कडकभाकरी

लई भारी लिव्हलायसा काका. भोंग्याचं वाचून आमची आज्जी आठवली. गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली तरी दुपारी तीनला "भोंगा झाला का रे?" म्हणून इचारायची. आमी बी "झाला की" म्हणायचो.

विजापूर_वेस

उत्तम लेख. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

एक दुरुस्ती नाही, गंमत. कन्नड येणारा प्रत्येक जण (मीसुद्धा) बंगारपेट ऐकून म्हणतो, वा, बंगार म्हणजे सोनं, सोन्याची पेठ! प्रत्यक्षात ते बाउरिंगपेट. लेविन बाउरिंग हा म्हैसूरचा कमिशनर होता, त्याच्या नावानं. लोकांनी साहेबाला वितळवून त्याचं सोनं केलं.

दुसरं म्हणजे सोन्याची खाण बघायला तुम्ही फार लांब गेलात. आपल्याला हुट्टी जवळ. रायचूर जिल्हा, लिंगसुगूर तालुका, विजापूरमार्गे रस्ता आहे. निजामाच्या मुलखातली ही खाण, १९४७ ची कंपनी, आणि ती आजही चालू आहे. केजीएफ बंद झाल्यापासून देशात खाणीतून निघणारं सोनं म्हणजे मुख्यतः हुट्टीचंच. तिथं हजारो वर्षांपूर्वीचे खणलेले खड्डे आहेत, जुन्या लोकांनी जाळ करून दगड तडकवलेले.

आणि तिथून जवळच मस्की. १९१५ मध्ये सोनं शोधत फिरणाऱ्या बीडन नावाच्या इंजिनिअरला एका खडकावर लेख दिसला. तो अशोकाचा शिलालेख निघाला, आणि त्यात 'देवानां प्रिय' या बिरुदासोबत राजाचं 'असोक' हे नावही होतं. तोवर प्रियदर्शी देवानांप्रिय म्हणजेच अशोक हे तर्कानंच मानलं जात होतं. सोन्याच्या मागावर गेलेल्या माणसाला नाव सापडलं. मला विचाराल तर हुट्टीच्या सगळ्या सोन्यापेक्षा तो दगड महाग.

मागवाला

@विजापूर_वेस, बाउरिंगपेटचं माहीत नव्हतं. मी चहावाल्याला "बंगार, बंगार" करून शहाणपणा शिकवत होतो. तो नुसता मान हलवत होता बिचारा.

भौतिकमास्तर

धाग्यात एक गोष्ट राहिली, ती लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही.

चॅम्पियन रीफच्या पोटात सोन्याशिवाय आणखी एक गोष्ट सापडली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी खाली उपकरणं लावली होती. आकाशातून सतत वैश्विक किरण पडत असतात. न्यूट्रिनो हा कण एवढा अलिप्त की पृथ्वीतून आरपार जातो, कशालाही शिवत नाही. क्वचित एखादा धडकतो. तो पकडायचा तर बाकीच्या किरणांचा गोंगाट बंद करायला हवा, आणि त्यासाठी डोक्यावर दोन-तीन किलोमीटर दगड हवा. असा दगड आणि खाली उतरायला पाळणा, वीज, थंड हवा, सगळं आयतं कुठं मिळणार? केजीएफमध्ये. १९६५ मध्ये टाटा संस्था, जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोची नोंद तिथं केली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीतही दुसऱ्या गटाला तेच सापडलं. एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन ही आपली माणसं त्या कामात होती. पुढं ऐंशीच्या दशकात प्रोटॉनचा क्षय होतो का, तेही तिथंच तपासलं.

मी दरवर्षी दहावीच्या पोरांना हे सांगतो. पोरं विचारतात, "सर, मग ते न्यूट्रिनो विकले का?"

सायनाइडबद्दल थोडं. डोंगरावर चढलात हे ठीक, पण उगाच परत चढू नका. जुन्या गाळातलं सायनाइड ऊन-वाऱ्यानं बरंचसं विरून जातं, खरी भीती बारीक सिलिकाची. ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. खाणीत काम केलेल्यांचा सिलिकोसिस तो हाच.

काळाकोट

मागवालाजी, "दोन्ही गावं एकाच वयाची" हे वाक्य आवडलं. पण जुनी मिल ही नुसती गिरणी नाही, आम्हा वकिलांसाठी ते एक प्रकरण आहे. देशातल्या प्रत्येक लॉ कॉलेजात शिकवलं जाणारं.

ऑगस्ट १९४९ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या संचालकांनी गिरणीला टाळं लावलं. हजारो माणसं रस्त्यावर. जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला आणि लगेच त्याचा कायदा केला. लक्षात घ्या, हा कायदा कापड धंद्यासाठी नव्हता, फक्त या एका गिरणीसाठी होता. चरणजित लाल चौधरी नावाचा भागधारक सुप्रीम कोर्टात गेला. म्हणाला, एकट्या कंपनीसाठी कायदा करणं म्हणजे समानतेचा भंग. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. डिसेंबर १९५० मध्ये कोर्टानं त्याचा अर्ज फेटाळला. एका व्यक्तीचा किंवा कंपनीचाही वेगळा वर्ग होऊ शकतो, आणि कायदा घटनेला धरून आहे असं आधी गृहीत धरायचं, ही दोन्ही तत्त्वं तिथून आजतागायत चालू आहेत. अधूनमधून दिल्लीत एखादा ज्येष्ठ वकील 'शोलापूर केस' म्हणतो तेव्हा माझी मान उगाच ताठ होते.

गोष्ट तिथं संपत नाही. द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकानं पुन्हा दावा लावला आणि डिसेंबर १९५३ मध्ये तो जिंकला. नुकसानभरपाई न देता मालमत्ता काढून घेतली, हे घटनेत बसत नाही असं कोर्ट म्हणालं. अशा निकालांना उत्तर म्हणून १९५५ मध्ये संसदेनं चौथी घटनादुरुस्ती केली. आपल्या मुरारजी पेठेतल्या गिरणीच्या टाळ्यामुळं घटनेला हात लागला, बोला!

(मुरारजी म्हणजे ती गिरणी काढणारे मोरारजी गोकुळदास. पेठेत राहणाऱ्या निम्म्यांना वाटतं मोरारजी देसाई.)

कडकभाकरी

मला बी देसाईच वाटायचे 😀

सात_रस्ता

वर कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. १९३०.

आपल्या सोलापूरचं सगळ्यांना पाठ आहे. मे महिन्यात गोळीबार, पोलीस गावाबाहेर, तीन दिवस इंग्रजांचं राज्य नाही, मग १२ मेपासून मार्शल लॉ. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी. त्या गर्दीत गिरणी कामगार किती होते हे वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी केजीएफमध्ये मोठा संप झाला. कारण पगार नव्हे, बोटांचे ठसे! कंपनीनं ठरवलं की प्रत्येक मजुराचे ठसे घेऊन नोंद करायची. मजूर म्हणाले, आम्ही काय गुन्हेगार आहोत? तीनेक आठवडे खाणी बंद पाडल्या. हे वाचलं तेव्हा मला आपल्या सेटलमेंटची, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीची, आठवण झाली. तारेच्या कुंपणातल्या माणसांना रोज हजेरी, आणि त्यांचे हात गिरण्यांना स्वस्तात. तिथल्या माणसाला ठशाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसता.

आणखी एक धागा: खाण कामगारांवर बाबासाहेबांचा मोठा प्रभाव होता. केजीएफमधून रिपब्लिकन पक्षाचे सी. एम. अरुमुगम आमदार म्हणून निवडून गेले, तेही एकाहून अधिक वेळा. महाराष्ट्राबाहेर हे किती ठिकाणी झालं ते मोजा.

खरं_सांगू_का

एक शंका. सोनं आज एवढं महाग आहे. खाली अजून सोनं आहे असं सगळे म्हणतात. मग बंद का ठेवलंय? मला तर काहीतरी राजकारण वाटतं.

मागवाला

@खरं_सांगू_का, राजकारण असेलही, पण आधी हिशेब बघा. हेच मी आजोबांना विचारलं होतं.

सुरुवातीला टनभर दगडात चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम सोनं मिळायचं. शेवटी शेवटी तीन ग्रॅमच्या आसपास. आता तीन ग्रॅमसाठी काय करायचं? तीन किलोमीटर खालून टनभर दगड वर ओढायचा. खाली माणसं जगावीत म्हणून थंड हवा सोडायची. छत फुटू नये म्हणून आधार द्यायचे. पाणी झिरपतं ते रात्रंदिवस उपसायचं. मग दगडाचं पीठ करायचं, सायनाइड, आणि हाती अंगठीच्या एका कड्याएवढं सोनं. आमच्या धंद्यात सुताचा भाव वाढला आणि कापडाचा पडला की आम्ही माग थांबवतो. माग थांबवला तर तो थांबतो, उद्या बटण दाबलं की सुरू. खाणीचं तसं नाही. पंप बंद केले की पाणी भरतं. केजीएफच्या खाणी आज पाण्यानं भरलेल्या आहेत. आधी तो समुद्र उपसा, मग सोन्याचं बोला.

त्यापेक्षा वरच्या मातीच्या डोंगरातच राहून गेलेलं सोनं काढावं असा विचार बरीच वर्षं चालू आहे. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं त्याला मान्यता दिल्याचं वाचलं. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, आधी आमची घरं आमच्या नावावर करा म्हणावं.

माहेरवाशीण

धागा आवडला, पण एका वाक्यावर अडून बसले आहे. "माग घरात आणता येतो."

हो, आणता येतो. काका, तुमच्या घरात आला, आमच्याही आला. पण गिरणीत माग होता तेव्हा त्याला पाळी होती. आठ तास झाले की भोंगा. हक्काची सुट्टी, फंड, दवाखाना, बोनस. तोच माग पुढच्या खोलीत आला तेव्हा भोंगा गेला. बारा तास चालला, लोडशेडिंग असलं की रात्री दोनला उठून चालला. बाबा मागावर, आई सुताच्या कांड्या भरायला, मी आणि भाऊ शाळेतून आलो की धागे जोडायला. सुताचा भुसा भाकरीच्या पिठात, पाण्याच्या माठात, अंथरुणात. मास्तरांनी वर सिलिकोसिस लिहिलं आहे, तशी कापसाच्या धुळीचीही खोकल्याची व्याधी आहे, बायसिनोसिस. गिरणीत तो रोग कामगाराला व्हायचा. घरात माग आल्यावर पाळण्यातल्या पोरालाही होऊ लागला. तुम्ही म्हणता खाण घरात आणता येत नाही. आमच्या घरात तिचा निम्मा भाग आला होता बघा.

आणि दुसरं. सोलापूर उभं राहिलं म्हणता, ते निम्मं विड्यांवर उभं राहिलं. शेजारच्या काकू मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, तोंड दुमडायचं. बोलता बोलता. हाताकडं बघायच्याही नाहीत. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला गेल्या की चेकर मूठभर विड्या 'खराब' म्हणून बाजूला काढायचा. त्या खराब विड्या कुठं जायच्या ते सगळ्यांना माहीत होतं. गिरण्या बंद झाल्यावर किती घरं त्या सुपावर चालली, ते कुठल्या इतिहासात सापडेल?

केजीएफमधल्या बायका काय करायच्या ते तुम्ही लिहिलं नाहीत. भांडी वाजली की बाहेर उभ्या राहायच्या, एवढंच आलं.

मागवाला

@माहेरवाशीण, ताई, दोन वेळा वाचलं तुमचं. लगेच उत्तर द्यायला गेलो आणि खोडलं.

कांड्या माझी आई भरायची. ते मी लिहिताना "वडिलांनी माग आणले" एवढंच लिहिलं. आईला शेवटी शेवटी धाप लागायची, आम्ही त्याला दमा म्हणायचो. डॉक्टरही दमाच म्हणाले. तुमचं वाचेपर्यंत त्याला दुसरं नाव असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

बायकांचं खरंय, मी विचारलंच नाही. आजोबांच्या घरातून दोनदा चहा आला, आणणारी कोण ते बघितलं नाही.

पुण्यातला_सोलापूरकर

मी इथं वाचनमात्र असतो, पण केजीएफच्या लोकलचं वाचून राहवलं नाही.

मागवालाकाका, सोलापूर उठून उभं राहिलं म्हणता. मग सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसला या आणि बघा. एका बाजूला आयटीवाली पोरं, दुसऱ्या बाजूला चाकणच्या कंपनीत कंत्राटावर जाणारी पोरं, दाराशी डबे घेऊन उभे राहिलेले बाप. माझ्या वर्गातले साठ जण होते, सोलापुरात नऊ उरलेत. गाडीला नाव कुणाचं आहे तेही बघा. ज्या गावासाठी ती माणसं फासावर गेली, ते गाव सोडून जायच्या गाडीला त्यांचंच नाव. केजीएफवाला निदान रात्री झोपायला घरी येतो. आम्ही दिवाळीला आणि गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) येतो.

काळाकोट

+१. माझे दोन्ही मुलगे पुण्यात.

कडकभाकरी

मी ऱ्हायलोय की बे सोलापुरात. नवातला एक मीच.

पुण्यातला_सोलापूरकर

कडक्या तूच का रे?! 😀 मागच्या बाकावरचा?

कडकभाकरी

व्हय. फोन कर की लेका. दुकान हितंच हाय अजून, अशोक चौकात.

विजापूर_वेस

अवांतर चालू द्या, पण एक कामाचं. हुट्टी-मस्कीला जायचं का? डिसेंबरात ऊन कमी असतं. खाणीच्या आत जायला परवानगी लागते, ती मिळेल न मिळेल, पण मस्कीचा दगड टेकडीवर आहे. सकाळी लवकर निघालो तर मुक्काम लिंगसुगूरला. कन्नडचं मी बघतो. गाडी सात जणांची आहे.

मागवाला

मी आहे. पण या खेपेला बायकोलाही आणणार. घरात शिरून विचारायचं काम ती करेल.

माहेरवाशीण

माझीही एक जागा धरा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी (खाण्याची) माझ्याकडून.

भौतिकमास्तर

मी येतो. आणि प्रत्येकाला मास्क आणणार आहे, नंतर कुरकुर चालणार नाही.

विजापूर_वेस

चार झाले. मी धरून पाच. अजून दोघं बोला.